एक की सात

खोली माझी होती. मशीन नंतर आलं,
शिवणयंत्राच्या टेबलावर, आईला न विचारता.
मग मॉडेम, मग भिंतीतून ओढलेली वायर,
आणि माझी खाट सरकत सरकत खिडकीशी गेली
जिथे त्रेलेउचा वारा फटीतून रात्रभर माती पेरतो.

बोर्डाचं नाव बाबांनी ठेवलं ‘पश्चिमवारा’.
अकरा माणसं फोन करून आत यायची, एका वेळी एकच:
दातांचा डॉक्टर, कस्टममधला कारकून,
लोकर कातरायची यंत्रं विकणारा सेवेरीनो,
गाइमानची दोन पोरं, भिंतीला भिंत लागून राहणारी,
जी एकमेकांना शिव्या लिहायला चौदा कोसांवर फोन लावायची.
एप्रिलमध्ये डॉक्टरने तोच विनोद दुसऱ्यांदा टाकला
आणि कुणी काही लिहिलं नाही.
त्या रात्री बाबा म्हणाले, जाळ्यात जायला हवं.

जाळं त्यांनी जेवणाच्या टेबलावर मांडलं.
आपण म्हणजे मीठदाणी. दिवसभराच्या पत्रांचा गठ्ठा बांधायचा,
पहाटे पाचला बाहिया ब्लांकाच्या मशीनला फोन लावायचा,
गठ्ठा द्यायचा, गठ्ठा घ्यायचा.
ते पुढे ब्युनोस आयरेसला, ते पुढे, ते पुढे.
चमचे संपले, मग काट्यांवर गेले.
“आणि बशी?”
“बशी समुद्र. ती उचलू नकोस.”

अर्जाचं उत्तर आलं मात्र पोस्टाने,
बेतिनोत्ती नावाच्या संयोजकाच्या घाईच्या अक्षरात:
आपला क्रमांक, परवलीचा शब्द, त्याच्या मशीनचा फोन.

सोमवारी पाचला मॉडेमचा रिले टकटकला,
एकेक आकडा मोजून, सुतारपक्ष्यासारखा.
लांबवर घंटी.
मग छोट्या स्पीकरमधून, शिट्टीच्या जागी, एका बाईचा आवाज:
“कोण?”
मशीन शिट्टीची वाट बघत गप्प.
बाई उत्तराची वाट बघत गप्प.
चाळीस सेकंदांनी मशीनने फोन ठेवला.

सकाळी पडद्यावर एवढंच: जोडणी झाली नाही.
बाबांनी वायरी तपासल्या, टेलिफोन कंपनीच्या सात पिढ्या उद्धरल्या.
मी दुधात बिस्किट बुडवत राहिले.

मंगळवारी ती म्हणाली, “रुबेन, टोकन संपलं का रे?
तुझा आवाज येत नाही.”
बुधवारी म्हणाली, लिंबाला दहिवर लागलं होतं,
तुझी जुनी घोंगडी गुंडाळलीय, वाचेल.
गुरुवारी बोलायला तिच्याकडे काही नव्हतं.
चाळीस सेकंद तिने नुसता श्वास घेतला,
आणि मी खाटेवर तिच्या मापाने.

शुक्रवारी बाबांना उलगडलं:
बेतिनोत्ती सातावर आडवी रेघ देत नाही.
आपण ज्याला एक समजलो, तो सात.

शनिवारी शिट्टी आली.
उंच, चिरकी, मग खरखर, मग दिवे एकामागून एक.
बाबांनी आख्खं घर उठवलं. दोनशे चौदा पत्रं!
कुणाला हार्डडिस्क विकायची होती,
कुणी भांडत होतं की ñ च्या जागी चौकोन का उमटतो.
दहा दिवसांनी मोंतेविदेओत कुणीतरी
डॉक्टरच्या विनोदाला हसलं. लेखी.
डॉक्टरने तो कागद छापून दवाखान्यात लावला.

मला मात्र जुना आकडा पाठ होता,
टकटक मोजून मोजून.

जूनचं बिल आलं.
बाबांनी चष्मा कपाळावर चढवला:
बाहिया ब्लांका, दुपारी चार, सहा मिनिटं.
पेन्सिल त्या ओळीवर बराच वेळ थांबली.
“हा शेवटचा,” त्यांनी मान वर न करता विचारलं,
“एक आहे की सात?”

“एक,” मी म्हटलं.
त्यांनी बिलाची घडी घातली.
“लिंबाचं काय झालं?” असं विचारलं नाही,
त्यांना ठाऊकच नव्हतं.
वाचलं.